शुक्रवारचा पाऊस, मंगळवारची नोंद

आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानावर खाली उजव्या कोपऱ्यात पावसाची चौकट असायची. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती रोज मी लावत असे. तालुका, मंडळ, आजचा पाऊस, एकूण पाऊस. आकडे जिल्हा कार्यालयातून व्हॉट्सॲपवर यायचे. मी ते चौकटीत टाकायचो आणि गावांच्या नावांचे शुद्धलेखन तपासायचो. आकडे कधी तपासले नाहीत. एकदा एका मंडळाच्या आकड्यातले दशांशचिन्ह गळाले आणि अख्खे गाव वाहून जाईल इतका पाऊस तिथे एका दिवसात छापला गेला. एकाही वाचकाचा फोन आला नाही. त्याच आठवड्यात राशिभविष्यातली कन्या रास राहून गेली, तेव्हा दुपारपर्यंत फोन खाली ठेवता आला नाही. पावसाच्या चौकटीची लायकी वाचकांनी आमच्याआधी ओळखली होती.

तरीही ती चौकट गांभीर्याने घेणारे लोक निघाले. पुण्याहून एक संस्था आली. बदलत्या हवामानात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या दुष्काळाचा कल कसा आहे, याचा अभ्यास तिला करायचा होता. अभ्यास म्हणजे जिल्हा कार्यालयाकडून पावसाचे सगळे जुने आकडे घेऊन ते संगणकात घालणे. मी रोज चौकटीत टाकत होतो तेच आकडे. संस्थेला अहवालाचा सारांश सोप्या मराठीत लिहून देणारा माणूस हवा होता. संपादकांनी मला देऊन टाकले.

अभ्यासकांचा प्रमुख तिशीतला, नीटनेटका, चांगल्या स्वभावाचा माणूस होता. हे नोंदवायला हवे, कारण पुढे जे झाले त्यात वाईट स्वभावाचा माणूस कोणीच नव्हता.

त्याने पहिल्याच दिवशी नकाशा दाखवला. जिथे दुष्काळाचा कल वाढता तिथे लाल, जिथे घटता तिथे हिरवा. गडचिरोलीचा दक्षिणेकडचा मोठा तुकडा राखाडी होता.

"तिथे काय आहे?" मी विचारले.

"तिथे माहिती नाही. नोंदी तुटक आहेत. त्यामुळे तिथे कल नाही."

म्हणजे भामरागडकडच्या माणसांना दुष्काळ पडू शकत होता, पण त्याचा कल असू शकत नव्हता. हे वाक्य मी सारांशात घातले नाही.

मूल तालुक्यातले एक मंडळ नकाशावर सगळ्यांत गडद लाल होते. मंडळ म्हणजे महसूल खात्याने एका कार्यालयाखाली घातलेली पाच-पंचवीस गावे. त्या सगळ्या गावांचा पाऊस एकाच भांड्यात मोजतात. या मंडळात काही वर्षांपासून कोरडे दिवस झपाट्याने वाढले होते, आणि पाऊस पडला की एकाच दिवशी प्रचंड पडत होता. अभ्यासकाच्या मते बदलत्या हवामानाची याहून स्वच्छ खूण मिळणे अवघड होते. पुस्तकात जसे लिहिलेले असते तसेच इथे घडत होते. पुस्तकासारखे काही घडले की बातमीदाराने थोडे सावध व्हावे, असे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले गेले होते. मी सावध झालो नाही. एका गुरुवारी आम्ही ते मंडळ पाहायला गेलो.

भाद्रपद होता. पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी पाऊस पडला होता, त्यानंतर थेंब नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान उभा होता, पण बांध्यांतले, म्हणजे धानाच्या वाफ्यांतले, पाणी गेले होते आणि चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या. अभ्यासकाने गाडीतून फोटो काढले. त्याला अहवालाच्या मुखपृष्ठासाठी हवे होते.

मंडळ कार्यालयाच्या आवारात दोन पर्जन्यमापक होते. एक स्वयंचलित, खांबावर बसवलेला, ज्याचे उद्घाटन आमच्याच दैनिकात फोटोसह आले होते. त्याच्या नरसाळ्यात गांधीलमाश्यांनी घर केले होते. तो बंद होता. दुसरा साधा, जमिनीत बसवलेला, नरसाळे आणि खाली भांडे. तो चालू होता, आणि मंडळाचा अधिकृत पाऊस त्यातूनच निघत होता. रानडुकरे आवारात शिरू नयेत म्हणून सगळीकडून तारेची जाळी आणि फाटकाला कुलूप.

रोज सकाळी पाऊस मोजायचे काम कोतवालाकडे होते. महसूल खात्यात कोतवालाच्या खाली कोणी नसते. हा साठीला टेकलेला, बारीक चणीचा, पांढरा सदरा घातलेला माणूस होता. त्याचे घर विहाराच्या मागे, कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर. पावसाची नोंदवही त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढली. अक्षर टपोरे, एकही खाडाखोड नाही. आमच्या कार्यालयात इतकी स्वच्छ वही मी कधी पाहिली नव्हती.

अभ्यासकाने लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. "काका, ही तुमच्या मंडळाची रेषा. इथपर्यंत सपाट आहे आणि इथून एकदम वर जाते. कोरडे दिवस वाढलेत. आणि पडतो तेव्हा धो धो पडतो. तुम्हालाही जाणवलं असेल."

कोतवालाने चष्मा लावला. "इथून म्हंजे कवापासून जी?"

अभ्यासकाने साल सांगितले.

"बराबर हाय. तवाच पाच दिवसाचा हप्ता झाला ना."

"कसला हप्ता?"

"हापिसाचा. पयले शनिवारी हापिस राहे. आता शनिवार-इतवार कुलूप. चाबी साहेबाजवळ. साहेब शुक्रवारी चार वाजता चंद्रपूरले. मंग मी शनिवारचा पाऊस कसा मोजू? ह्या वयात जाळीवरून उडी मारू का?"

"मग शनिवार-रविवारी वहीत काय लिहिता?"

"निरंक."

"आणि पाऊस पडला असेल तर?"

"तो सोमवारी मोजतो ना जी. भांड्यात राह्यते तो. एक थेंब सोडत नाई. मापात मावला नाई त दोनदा मोजतो."

 मी वही मागून घेतली आणि सोमवार शोधत गेलो. मुसळधार पावसाचे दिवस एकामागून एक सोमवारीच येत होते. जिथे सोमवारी सुट्टी तिथे मंगळवारी. एका दिवाळीत अवकाळी पाऊस आला तेव्हा तो सुट्ट्या संपेपर्यंत थांबून मग एकदम कोसळलेला होता. राज्य सरकारने आठवडा पाच दिवसांचा केला आणि या मंडळाचे हवामान बदलले. आलेखातली वर जाणारी रेषा कार्यालयाच्या सुट्ट्यांची होती. हवामान बदललेले नाही असे मला म्हणायचे नाही. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, किती पुढे सरकत चालली आहे ते कोणत्याही गावात दिसते. पण ते या वहीत नव्हते, आणि वहीत जे होते ते हवामान नव्हते. गेली कित्येक वर्षे मी ते चौकटीत छापत होतो. एका सोमवारी तर 'ढगफुटीसदृश पाऊस' असा मथळाही दिला होता. मथळा चांगला झाला म्हणून संपादकांनी पाठ थोपटली होती.

कार्यालयाच्या पायरीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात सातबाऱ्याची घडी. तिचे शेत धरणाच्या कालव्याला लागून होते आणि ती कालव्याच्या पाण्याची चौकशी करायला आली होती. प्रश्न साधा होता. धान गर्भात आलेला होता, म्हणजे लोंबी अजून पोटात. या वेळी बांधीत पाणी नसेल तर लोंबी बाहेर येते पण दाणा भरत नाही, नुसती फोलपटे मिळतात. धरणात पाणी कमी होते, म्हणून पाटबंधारे खात्याने ठरवले होते की पाण्याची शेवटची पाळी फक्त कोरड्या मंडळांना द्यायची. कोरडे मंडळ म्हणजे जिथे सलग एकवीस दिवस पाऊस नाही ते. यादी येत्या सोमवारी बंद होणार होती.

आमचे बोलणे तिने ऐकले होते.

"भाऊ," ती कोतवालाला म्हणाली, "मंग पोळ्याच्या पयलेच्या शुक्रवारचा पाऊस तुमी कवा लिवला?"

कोतवालाने पान उलटले. "मंगळवारी."

"शुक्रवारी बाजारातून येता येता मी वल्ली चिंब झाली. तुमचा पाऊस मंगळवारपर्यंत कुठी गेल्ता? मामाच्या गावाले?"

"भांड्यात होता ना बाई. शनिवार, इतवार, सोमवारी पोळा. बसून राह्यला."

आम्ही सगळे हसलो. अभ्यासकही हसला. बाई हसली नाही. ती बोटांवर मोजत होती.

तिच्याबरोबर मीही मोजले. शुक्रवारी दुपारी पडलेला पाऊस रीतसर शनिवारी सकाळी मोजला गेला असता, तर येत्या सोमवारी तेवीस कोरडे दिवस भरत होते. मंगळवारच्या नोंदीपासून मोजले तर वीस भरत होते. एक दिवस कमी. मंडळ यादीत बसत नव्हते.

"सर, तुमी मोठ्या हापिसातले दिसता," बाई अभ्यासकाला म्हणाली. "हे सांगा ना कोनाले."

अभ्यासकाने तिला नम्रपणे समजावले. त्याचा अभ्यास दीर्घकालीन कलाचा होता, एका हंगामाचा नव्हता. एवढ्या लांब मालिकेत अशा चुका परस्परांना रद्द करतात. शिवाय नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता.

"काय म्हनते हा?" तिने कोतवालाला विचारले.

"म्हनते, लय वर्साचं मिळून पाह्यलं त फरक पडत नाई."

"मले लय वर्साचा धान नाई पाह्यजे. याच वर्साचा पाह्यजे."

परतताना अभ्यासकाने गाडीतच लॅपटॉप उघडला. मूलच्या राइस मिलांपाशी आल्यावर म्हणाला, "सोमवारचे आकडे मागच्या तीन दिवसांत वाटून टाकायची पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्ये होतं ते." संध्याकाळपर्यंत ते झाले. मंडळ गडद लाल होते ते फिकट पिवळे झाले. दुरुस्तीला वेळ लागला नाही याचे त्याला समाधान होते. त्याच्या संगणकात आता शुक्रवारचा पाऊस शनिवार, रविवार, सोमवार आणि मंगळवार असा चारही दिवस थोडाथोडा पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी जिल्हा कार्यालयात गेलो. कोतवालाने वहीच्या पानाची छायाप्रत दिली होती आणि खाली सही करून लिहून दिले होते की हा पाऊस शुक्रवारी दुपारी पडला. देताना म्हणाला होता, "माया वहीत चूक काढून राह्यले असं नका सांगजा." पावसाची यादी सांभाळणारे अधिकारी शांत, चष्म्याच्या वरून पाहणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"पाऊस मंगळवारी मोजला, हे खरं आहे ना?"

"हो. पण पडला शुक्रवारी."

"मंगळवारी मोजला, मंगळवारी लिहिला. म्हणजे नोंद बरोबर आहे. चूक नोंद असती तर दुरुस्तीची तरतूद आहे. बरोबर नोंद मी कशी दुरुस्त करू?"

मी पंचनाम्याचे विचारले. गावातल्या पाच जणांनी सांगितले तर?

"शुक्रवारच्या पावसाचा पंचनामा शुक्रवारी करायचा असतो," ते म्हणाले आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

मग मी माझ्या हातात होते ते करायचे ठरवले. संपादकांना म्हणालो, पावसाच्या चौकटीचे शुद्धिपत्रक छापू. त्या मंडळाचा मंगळवारचा पाऊस शनिवारच्या तारखेला वाचावा, एवढी दोन ओळींची चौकट.

"पावसाला शुद्धिपत्रक?" संपादक म्हणाले. "उद्या सूर्योदयाचं मागतील. जिल्हा कार्यालयानं दिलं ते आपण छापलं. आपली चूक कुठे आहे?"

आमची चूक कुठेच नव्हती. अधिकाऱ्यांची नव्हती, अभ्यासकाची नव्हती, कोतवालाची तर नव्हतीच. त्याने थेंबन् थेंब मोजला होता. इतक्या निर्दोष माणसांनी मिळून एका बाईचा धान वाळवायला घेतला होता.

सोमवारी यादी बंद झाली. हे मंडळ तीत नव्हते. कालव्यावर त्याच्या पुढचे मंडळ मात्र यादीत होते. तिथला पाऊस एका बुधवारी थांबला होता. कामाच्या दिवशी थांबण्याची अक्कल त्याने दाखवली, म्हणून त्या मंडळाला पाणी मिळाले.

गुरुवारी कालव्याला पाणी सुटले. पुढच्या मंडळाला जाणारे हे पाणी याच मंडळाच्या शेतांना घासून जात होते. वाटेतली गेटे बंद करून त्यांना कुलपे घातली होती. पाटबंधाऱ्याकडे माणसे कमी होती, म्हणून कुलपांवर लक्ष ठेवायला महसूल खात्याने आपला माणूस दिला. महसूल खात्याच्या तळाशी जो असतो तोच दिला.

शनिवारी सकाळी मी 'कालव्याला पाणी, शेतकऱ्यांत समाधान' ही बातमी करायला गेलो. मथळा कार्यालयातून ठरवूनच पाठवला होता. गेटावर कोतवाल छत्री उघडून बसला होता, उन्हासाठी. समोरून पंधरा-वीस बाया येत होत्या. पुढे तीच बाई, खांद्यावर लोखंडी सब्बल.

"भाऊ, बाजूले सरा."

"बाई, नको. माई नौकरी खासान तुमी."

"तुमची नौकरी? आज कोनता वार हाय?"

कोतवालाने छत्री सावरली.

"शनिवार हाय ना जी? शनिवारी पाऊस पडला त तुमाले दिसत नाई. मंग आज आमी काऊन दिसून राह्यलो?"

मागच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "लिवा ना भाऊ, निरंक!"

कोतवाल उठला. छत्री मिटली. "मी आज इथी नाई," तो म्हणाला, आणि कालव्याच्या काठाने गावाकडे चालू लागला. दहा पावलांवर थांबून मागे न बघता ओरडला, "कुलूप नका तोडू, कडी उपसा. कुलूप सरकारी हाय."

कडी उपसली. पाणी आले. गावाची जुनी पद्धत अशी, की पाणी पहिल्या बांधीत घोटाभर चढले की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून पुढच्या बांधीत सोडायचे. त्या पद्धतीत कोणी घाई केली नाही. बाईचे शेत जवळचे, तरी तिने आपल्या खालच्या बांध्या भरताच पाणी शेजाऱ्याकडे काढून दिले. वरच्या अर्ध्या बांध्या उंचावर होत्या. तिथे पाणी सगळ्यांचे झाल्यावर चढवायचे ठरले. ते सगळ्यांचे व्हायच्या आत सोमवार उजाडला. पाटबंधाऱ्याचा माणूस आला, त्याने कडी पाहिली, नवी कडी ठोकली आणि वरच्यांना कळवले की गेटातून किरकोळ गळती होती, ती बंद केली आहे.

ही बातमी मी दिली नाही. दिली असती तर कोतवालाची नोकरी गेली असती, हे एक कारण. दुसरे असे की ती छापली जाईल याची मला खात्री नव्हती. समाधानाची बातमी मात्र छापून आली. चार कॉलम.

अहवाल दिवाळीच्या आधी चंद्रपुरात प्रसिद्ध झाला. सभागृह थंडगार होते. हिवाळा लागत असताना एवढा एसी कशाला, असे कोणी विचारले नाही. अभ्यासकाने पडद्यावर उपग्रहाने काढलेली चित्रे दाखवली. पावसाच्या नोंदी बेभरवशाच्या असतात, हे आमच्या भेटीतून तो शिकला होता. म्हणून त्याने आता पिकाच्या हिरवेपणावर भर दिला होता. मूल तालुक्यातल्या त्या मंडळाचे त्याने खास उदाहरण दिले. भाद्रपदातल्या पावसाच्या खंडानंतर पाणी न मिळताही कालव्यालगतचा धान हिरवा राहिला होता. यावरून त्या मंडळाला शेवटच्या पाळीतून वगळण्याचा निर्णय योग्य ठरत होता, आणि तिथल्या शेतीत खंड सोसण्याची अंगभूत ताकद असल्याचे दिसत होते. टाळ्या झाल्या. पावसाची यादी सांभाळणारे अधिकारी पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या.

'अंगभूत ताकद' हे शब्द माझे. मूळ शब्द इंग्रजीत होता, त्याचे सोपे मराठी मी करून दिले होते. सारांश लिहिताना मला गेट आठवले होते. मी एक टीप लिहिली, वाचली आणि खोडली. ती छापली असती तर पुढच्या वर्षी गेटावर कोतवालाऐवजी पोलीस बसले असते.

धानाची कापणी चालू झाली तेव्हा मी गावात गेलो. बाई शेतातच होती. खालच्या बांध्यांतला धान कापून मुठीमुठीच्या कडपा वाळत पडल्या होत्या, लोंब्या वजनाने वाकलेल्या. वरच्या अर्ध्या बांध्यांत ती एकटीच विळा घेऊन उभी होती. तिथल्या लोंब्या सरळ ताठ होत्या. ती ते पीक जनावरांसाठी कापत होती.

अहवालात काय आले ते मी तिला सांगितले. सांगायला हवे होते का, हे मला ठरवता आले नव्हते.

"म्हंजे आमची चोरी त्याईले कळली नाई?"

"नाही."

"आन आमाले पान्याची गरज नव्हती, असं लिवलं?"

"तसंच लिहिलं आहे."

तिने विळ्याने वरच्या बांध्या दाखवल्या. "हे नाई दिसलं का त्याईले? वरून फोटो काढते ना? वरून त सारंच दिसत असन."

मी सांगितले की त्या चित्रात एक ठिपका म्हणजे बरीच जमीन असते. तिच्या खालच्या बांध्या, वरच्या बांध्या आणि शेजाऱ्याचे शेत मिळून एक ठिपका झाला होता. त्यात हिरवे जास्त होते, म्हणून ठिपका हिरवा आला.

तिने विळ्याचे पाते पदराला पुसले. मग म्हणाली, "तुमी शिकले लोकं लय लांबून पाह्यता जी." आणि वाकून कापायला लागली. दोन-तीन मुठी झाल्यावर, मी अजून उभाच आहे हे पाहून, तिने एक लोंबी तोडून माझ्या हातात दिली. मी ती तळहातावर चोळून फुंकर मारली. सगळी उडून गेली.